२११ बिघडलेल्या फ्लॅक फायली, दोन बॅकअप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी दर महिन्याला बैठक भरवणारी एक जुनी संगीतसंस्था आहे. तिच्याकडे साठलेल्या ६९१ कॅसेट चार वर्षांत सवडीसवडीने डिजिटल केल्या गेल्या. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल, अशा १,३८२ फायली. दर्जा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ. या दर्जाचा न दाबलेला ध्वनी तासाला सुमारे २.०७ गीगाबाइट जागा घेतो. फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता ध्वनी दाबून ठेवणाऱ्या फाइल-प्रकारात, तो निम्म्यावर येईल अशी अपेक्षा असते, पण कॅसेटची सरसर दाबली जात नाही, त्यामुळे निम्म्याहून जरा जास्तच उरतो. एकूण माल १.१ टेराबाइट.

फायली तीन ठिकाणी होत्या.

मुख्य डिस्क: कार्यालयातल्या विंडोज संगणकाला जोडलेली, एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत).

बॅकअप 'अ': एक्सफॅट या फाइलसिस्टिमची बाहेरची हार्डडिस्क. दर महिन्याच्या एक तारखेला विंडोजमधल्या रोबोकॉपी या नक्कल करणाऱ्या आज्ञेच्या मिरर पर्यायाने मुख्य डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरत असे.

बॅकअप 'ब': एका विश्वस्तांच्या घरी, त्यांच्या मॅकवरून वापरली जाणारी, एचएफएस प्लस या मॅकच्या फाइलसिस्टिमची डिस्क. तिला चौदा महिने कुणी हात लावला नव्हता. तिच्यावर तोवर झालेल्या १,०४६ फायली, रोमन लिपीतल्या जुन्या नावांनी.

घटनेच्या आधीच्या पाच आठवड्यांत दोन स्वयंसेवकांनी सूचीचं मोठं काम उरकलं होतं. प्रत्येक फाइलीला देवनागरी नाव दिलं. टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच असलेल्या माहितीच्या रकान्यांत, कलाकार, राग, ताल, साथीदार, बैठकीची तारीख, कॅसेट क्रमांक भरला. शिवाय कॅसेटच्या कव्हरचं स्कॅन चित्र म्हणून आत घातलं.

हे चित्रच महागात पडलं. टॅगसाठी फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीला थोडी मोकळी जागा राखलेली असते, फार तर काही डझन किलोबाइट. नुसता मजकूर तिच्यात मावतो आणि पुढच्या ध्वनीला धक्का लागत नाही. इथे एकेक स्कॅन ९०० किलोबाइटच्या घरात होतं. ते मावेना, म्हणून टॅगच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फाइल अथपासून इतिपर्यंत नव्याने लिहून काढली. म्हणजे सगळा संग्रह त्या संगणकाच्या मेमरीतून एकदा गाळून निघाला, आणि त्या मेमरीतली एक पट्टी सदोष होती.

अडचण

सदस्यांना ऐकायला द्यायच्या एमपी३ प्रती बनवताना रूपांतर एका फाइलीवर अडलं. ती वगळली, तर चाळीसेक फायलींनंतर दुसरी अडली. कानाला तोवर काहीच जाणवलं नव्हतं, आणि त्यात नवल नाही. फ्लॅकची एक चौकट, म्हणजे फ्रेम, बहुधा ध्वनीच्या ४,०९६ नमुन्यांची, म्हणजे मोजमापांची, असते. ९६ किलोहर्ट्झला ती ४३ मिलिसेकंद भरते. फ्रेममधलं एक बिट उलटलं की तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि बरेचसे प्लेअर तेवढा तुकडा गप्प करून पुढे जातात. विलंबित ख्यालात, तंबोरे भरून वाजत असताना, ४३ मिलिसेकंदांची फट हेडफोन लावून बसलेल्यालाच सापडेल.

फ्लॅकच्या मूळ आज्ञावलीत 'टेस्ट' हा पर्याय आहे. तो फाइल पूर्ण उलगडतो, प्रत्येक फ्रेमचा चेकसम तपासतो आणि शेवटी संपूर्ण ध्वनीचा एमडी५ ठसा (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा) काढून फाइलीच्या माथ्यावर नोंदलेल्या ठशाशी ताडतो. संपूर्ण संग्रहावर तो चालवला, तेव्हा २२६ फायली नापास झाल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा चालवला तर २२१. दोन्ही याद्यांत सामायिक २११.

डिस्क खराब असती तर त्याच फायली पुन्हा नापास झाल्या असत्या. काल पास झालेली फाइल आज नापास होते तेव्हा बोट संगणकाकडे दाखवायचं. डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल देते तो स्मार्ट अहवाल स्वच्छ होता. मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवला, तर दोनपैकी एका पट्टीत पहिल्याच फेरीत चुका निघाल्या. मुख्य डिस्क दुसऱ्या, मेमरी तपासून घेतलेल्या लिनक्स संगणकाला फक्त-वाचनासाठी जोडून तिसऱ्यांदा चाचणी घेतली. नापास बरोबर २११, त्याच.

बॅकअप 'अ'वर २१५ फायली नापास झाल्या. टॅग बदलल्याने फायलींची वेळ आणि आकार बदलला होता, म्हणून मिररने त्या इमानेइतबारे चांगल्या प्रतींवर चढवल्या. वर नक्कल करतानाही त्याच मेमरीतून गेल्याने आणखी काही बिघडल्या. रोबोकॉपी नक्कल झाल्यावर आतला मजकूर ताडून पाहत नाही.

म्हणजे ताजा बॅकअप दूषित, जुना या बिघाडातून वाचलेला पण अपुरा. आणि बिघडलेल्या फायलींतच पाच आठवड्यांची सूची अडकलेली.

विचारात घेतलेले पर्याय

बॅकअप 'ब' सरसकट परत उतरवणं हा पहिला विचार. नंतरच्या ३३६ फायली त्यात नाहीत, सूची नाही आणि जुनी नावं परत येतात. बाद.

दुसरा पर्याय चुकांसकट उलगडण्याचा. फ्लॅकला 'चूक आली तरी पुढे चल' असं सांगता येतं. निघालेला ध्वनी पुन्हा फ्लॅक केला की फाइल चाचणीत पास होते. हा पर्याय मोहक आहे आणि म्हणूनच घातक. नवी फाइल खिंडार पडलेल्या ध्वनीचाच नवा ठसा माथ्यावर नोंदवते. त्यानंतर कोणतीही चाचणी तिला निर्दोषच म्हणणार. निर्णय होईपर्यंत एका स्वयंसेवकाने सद्हेतूने काही फायलींवर हे करून टाकलं होतं. किती, ते त्यालाही आठवत नव्हतं.

डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांकडे डिस्क पाठवण्याची सूचनाही आली. पण इथे काहीच हरवलेलं नव्हतं. डिस्क जे लिहिलं ते नीट सांभाळून होती; लिहिलेलंच चुकीचं होतं.

उरला तो पर्याय कष्टाचा: प्रत्येक बिघडलेल्या फाइलीसाठी कुठेतरी उरलेला शाबूत ध्वनी शोधायचा आणि त्याला बिघडलेल्या फाइलीतले टॅग लावायचे. नावं बदललेली, आकार बदललेले, तारखा बदललेल्या, मग जुळवायचं कशावरून, हाच कळीचा प्रश्न होता.

उत्तर माथ्यावरच्या ठशात होतं. फ्लॅक फाइलीच्या पहिल्या ४२ बाइटांतले शेवटचे १६ बाइट म्हणजे मूळ ध्वनीचा एमडी५. तो फक्त नमुन्यांवरून काढतात. टॅग, चित्र, नाव, दाबण्याची पातळी यांचा त्याच्याशी संबंध नाही. पुढची एखादी फ्रेम बिघडली तरी माथ्यावरचा ठसा 'इथे मुळात कोणता ध्वनी होता' हे सांगत राहतो. बिघडलेल्या फाइलीचा नोंदलेला ठसा आणि जुन्या शाबूत फाइलीचा प्रत्यक्ष काढलेला ठसा एक आला, की जुळणी पक्की.

कृती

सर्वांत आधी मासिक मिररचं काम बंद केलं आणि तिन्ही डिस्क फक्त-वाचन ठेवल्या. नवी ४ टेराबाइटची डिस्क आणून लिनक्सवर ईएक्सटी४ या तिथल्या फाइलसिस्टिमची केली. सगळं नवं लिखाण तिच्यावरच. जुन्या कुठल्याही फाइलीवर काहीही चढवायचं नाही, असा नियम केला.

मग मोजणी. प्रत्येक डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीची एक ओळ: पूर्ण मार्ग, आकार, माथ्यावरचा ठसा, चाचणीचा निकाल. चाचण्या एका वेळी दोनच चालवल्या. चार चालवल्या तर बाहेरच्या हार्डडिस्कचं डोकं फायलींमध्ये नुसतं नाचत राहतं आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. एका डिस्कला साधारण एक रात्र लागली.

'ब'ची यादी विश्वस्तांच्या मॅकवरच काढली होती. ती मुख्य डिस्कच्या यादीशी ताडताना फोल्डरांत एक गंमत दिसली. 'गुरुपौर्णिमा – दुसऱ्या दिवसाचे सत्र' यासारखी एकोणीस फोल्डरं दोन्हीकडे असूनही वेगळी मोजली जात होती. दोष 'ऱ्या'चा. संगणकाच्या युनिकोड या अक्षरसंचात 'ऱ' हे एकच अक्षर आहे, पण ते 'र' अधिक नुक्ता असं फोडूनही लिहिता येतं. विंडोज टंकलेलं जसंच्या तसं ठेवतं. एचएफएस प्लस नाव साठवताना ते फोडतं. डोळ्याला सारखं, बाइटांना वेगळं. दोन्ही याद्या एकसंध रूपात आणल्यावर एकोणीसच्या एकोणीस फोल्डरं जुळली. मराठी नावांचा संग्रह मॅक आणि विंडोज यांच्यात फिरत असेल, तर ही पायरी टाळून चालत नाही.

ठशांची जुळवणी खऱ्या अर्थाने एका दुपारचं काम ठरली. २११ पैकी २३ फायलींची शाबूत प्रत 'अ'वर निघाली: शेवटच्या मिररनंतर त्यांना टॅग लागल्याने जुनी प्रत वाचली होती. १४९ 'ब'वर मिळाल्या. उरल्या ३९, सगळ्या 'ब'नंतर उतरवलेल्या.

इथेच थांबलं असतं तर स्वयंसेवकाने 'दुरुस्त' केलेल्या फायली निसटल्या असत्या, कारण त्या चाचणीत पास होत होत्या. त्यासाठी उलटी तपासणी केली. कॅसेट क्रमांक तोच, पण मुख्य डिस्कवरचा ठसा 'ब'वरच्या ठशापेक्षा वेगळा, अशा फायली शोधल्या. नऊ निघाल्या. फ्लॅक फाइलीत ती बनवणाऱ्या एन्कोडरच्या आवृत्तीचीही नोंद असते. संपूर्ण संग्रहात नव्या आवृत्तीच्या फायली शोधल्या, तर त्याच नऊ. त्यांतल्या दोन डेकच्या हेडचा कोन सुधारून मुद्दाम पुन्हा उतरवलेल्या होत्या, त्या ठेवल्या. सात 'ब'वरून परत घेतल्या.

३९ पैकी २४ फायलींचं मूळ वेव, म्हणजे न दाबलेलं, ध्वनिमुद्रण, ज्या लॅपटॉपवर कॅसेट उतरवल्या त्याच्यावर पडून होतं. जागा साफ करायचा कंटाळा उपयोगी पडला, याला योजना म्हणता येणार नाही. वेव फाइलीत स्वतःचा कुठलाही ठसा नसतो, पण तिचं फ्लॅक केलं की ठसा निघतो. २१ फायलींचा ठसा बिघडलेल्या फाइलीच्या माथ्यावरच्या ठशाशी तंतोतंत जुळला. तीन जुळेनात. त्या ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रित झाल्या होत्या आणि २४ बिटांत आणताना सॉफ्टवेअरने डिदर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला सूक्ष्म यादृच्छिक गोंगाट, घातला होता. तो दर वेळी वेगळा पडतो, म्हणून ठसा कधीच जुळणार नाही. तिथे वेगळी युक्ती केली: वेवची लाट उलटी करून बिघडलेल्या फाइलीतून निघालेल्या ध्वनीत मिसळली. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात. शेवटच्या एकदोन बिटांतली कुजबुज तेवढी उरली आणि प्रत्येकात एकाच जागी ४३ मिलिसेकंदांचा ठसठशीत खांब दिसला. बिघाड तोच; बाकी ध्वनी तोच.

राहिल्या १५ बाजू. बारा कॅसेट पुन्हा वाजवल्या. त्यांतल्या एकीची नमद्याची गादी, म्हणजे फीत हेडवर दाबून धरणारा मधला छोटा तुकडा, गोंद सुकून गळाली होती. आवाज आत-बाहेर होत होता. कवचाचे पाच स्क्रू काढून दोन्ही चकत्या तशाच उचलल्या आणि चांगली गादी असलेल्या दुसऱ्या कवचात बसवल्या. पुन्हा उतरवलेल्या बाजूचा ठसा जुन्याशी जुळत नाही, जुळूही शकत नाही: डेकचा वेग दोन वेळा सारखा नसतो. तिच्यातला तुकडा कापून जुन्या फाइलीला ठिगळ लावणंही नीट साधत नाही. म्हणून या बारांना नव्या तारखेची स्वतंत्र नोंद दिली.

तीन बाजूंच्या कॅसेट एका श्रोत्याकडून उसन्या आणून परत केलेल्या होत्या आणि आता मिळत नाहीत. त्यांच्या जुन्या ऐकण्याच्या एमपी३ प्रती होत्या. त्यांतून ४३ मिलिसेकंद उचलून भरावेत का, यावर बराच खल झाला. जतनाच्या प्रतीत भरायचे नाहीत, ऐकण्याच्या प्रतीत भरायचे, असं ठरलं. हा निर्णय योग्यच वाटतो. बिघडलेल्या तीन फायली आहेत तशा ठेवल्या आणि टॅगमध्ये बिघाडाची नेमकी वेळ लिहिली.

टॅग चढवताना

शाबूत ध्वनी मिळाला. आता सूची परत लावायची. आधी पाचच फायलींवर मेटाफ्लॅक या फ्लॅकचे टॅग हाताळणाऱ्या आज्ञेने टॅग काढून चढवून पाहिले. पाचही फायलींत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीची, भाषा यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) नव्हती आणि मेटाफ्लॅक तिच्यानुसार रूपांतर करत होता. 'यूटीएफ-८ रूपांतर नको' हा पर्याय दिल्यावर मजकूर आला. पुढे सहा फायलींत 'टीप' या टॅगात एकाहून अधिक ओळी होत्या, त्या आयातीत तुटल्या. मेटाफ्लॅक टॅग ओळीओळीने वाचतो, एका टॅगात नवी ओळ आली की गोंधळतो. शेवटी पायथनच्या म्युटाजेन लायब्ररीने टॅग आणि चित्र थेट एका फाइलीतून दुसरीत नेले. पाच फायलींवरची ही तालीम झाली नसती तर प्रश्नचिन्हांची सूची सगळ्या फायलींवर गेली असती.

टॅगांबद्दल आणखी एक शंका होती. फ्लॅकमध्ये ध्वनीच्या फ्रेमना चेकसम असतो, टॅगना नसतो. एक बिट उलटलं तर कुणी ओरडणार नाही. आणि यूटीएफ-८ मध्ये 'म' आणि 'य' यांच्यात एकाच बिटाचा फरक आहे: 'यमन'चा 'ममन' व्हायला तेवढं पुरे. म्हणून सगळी राग-तालांची नावं वेगळी काढून संस्थेच्या मान्य यादीशी ताडली. उलटलेलं बिट एकही निघालं नाही. टंकनाच्या चुका मात्र सतरा निघाल्या.

शेवटचा अडथळा नावांचा. नव्या डिस्कवर ३१ फायली 'नाव फार लांब' म्हणून अडल्या. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर नावाची मर्यादा २५५ एककं, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं. ईएक्सटी४वर ती २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. कलाकार, राग, साथीदार आणि प्रसंग एकाच नावात कोंबल्यावर ८५ सहज ओलांडले जातात. साथीदारांची नावं फाइलनावातून काढली. ती टॅगमध्ये होतीच.

निष्पत्ती

एकूण २१८ फायली हाताळल्या गेल्या: चाचणीत पडलेल्या २११ आणि दडलेल्या सात. दोनशेंचा ध्वनी मूळ ठशाशी तंतोतंत जुळला. तीन लाट उलटून खात्री केलेल्या, बारा नव्याने उतरवलेल्या, तीन खिंडारासकट. 'ब'वर तीन फायली खराब सेक्टरमुळे वाचता येत नव्हत्या. त्या तिन्ही मुख्य डिस्कवर धडधाकट होत्या.

पडताळणी नवी डिस्क काढून पुन्हा जोडल्यावर केली. नक्कल संपल्यासंपल्या तपासलं तर संगणक अनेकदा डिस्कवरचं नव्हे, मेमरीत राहिलेलं वाचून दाखवतो. मग सर्व फायलींच्या एसएचए-२५६ ठशांची (एमडी५सारखेच, पण जास्त भक्कम) यादी केली आणि तिची एक प्रत छापून सूचीच्या वहीत लावली. बिघडलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात वर्षभर ठेवायच्या ठरल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक मेमरीची पट्टी नव्हती, मिररची होती. बदललेल्या किंवा पुसलेल्या जुन्या प्रती तारखेच्या फोल्डरात बाजूला ठेवणारा बॅकअप असता, तर २११ पैकी बहुतेक फायली एका संध्याकाळी परत आल्या असत्या. आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेत त्यासाठी तयार पर्याय आहे. मात्र आरसिंकही फक्त आकार आणि वेळ पाहून 'बदल नाही' असं ठरवतो. मधूनमधून त्याला चेकसमने ताडायला सांगावं लागतं.

दुसरं, मिररच्या आधी फ्लॅकची चाचणी. नापास फायलींची संख्या अचानक वाढली तर मिरर चालू द्यायचा नाही, एवढी एक अट पुरली असती. टॅग लावण्याच्या पहिल्याच आठवड्यात बिंग फुटलं असतं.

तिसरं, चित्रं. कव्हरची स्कॅन फाइलीत घालण्याऐवजी शेजारच्या फोल्डरात ठेवली असती, तर ध्वनीला कुणी हातच लावला नसता. यावर संस्थेत अजून एकमत नाही. फाइल एकटी कुठे गेली तर चित्र सोबत जावं, हा आग्रहही चुकीचा नाही. तडजोड म्हणून आता जतनाची प्रत चित्राविना आणि ऐकण्याची प्रत चित्रासह ठेवतात.

स्वतः बिघाड ओळखणारी झेडएफएससारखी फाइलसिस्टिम, चुका सुधारणारी मेमरी, हेही सुचवलं गेलं. ते उत्तम आहे, पण कार्यालयात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला ते सांभाळायला लागणार होतं, म्हणून सोडून दिलं. त्याऐवजी पार२ या साधनाने पाच टक्के दुरुस्तीचा जादा डेटा बनवला. त्याला सुमारे ५५ गीगाबाइट जागा लागली. एखाद्या फाइलीतलं लहानसं खिंडार त्यातून बॅकअपशिवायही भरता येतं.

'ब' डिस्क आता दर सहा महिन्यांनी कार्यालयात येते, तपासली जाते, भरली जाते आणि परत विश्वस्तांच्या घरी जाते. ज्या तीन कॅसेट मिळाल्या नाहीत, त्यांच्या मूळ मालकांच्या कुटुंबाकडे चौकशी चालू आहे. सूचीत त्यांच्यासमोर पेन्सिलीने 'पुन्हा उतरवणे' असं लिहिलेलं आहे.